घाटातलं घड्याळ

मंचरच्या पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझ्या स्वतःच्या एकाही मशीनवर विकतची सिस्टीम नाही. सगळीकडं लिनक्स. शेजारच्या किराणा दुकानातून आमचे वडील, कांतीलालशेठ, रोज एकदा तरी विचारतात, "पारस, ते फुकटचं अजून चालतंय का रे?" मी रोज भडकतो. मला राग लवकर येतो आणि माझ्या मशीनबद्दल कुणी वाकडं बोललं तर जास्तच येतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात निम्मा दोष माझ्या स्वभावाचा आहे. उरलेला निम्मा एका यादीचा.

यादी म्हणजे काय, ते अवघड नाही. लिनक्सला लागणारे प्रोग्रॅम एका मोठ्या कोठारात ठेवलेले असतात आणि जाणकार लोक ते पारखून घेतात. पण सगळंच तिथं मिळत नाही. मग एखादा माणूस आपलं स्वतःचं कोठार उघडतो. त्याला आम्ही बाहेरची रेपो म्हणतो. तिचा पत्ता आपल्या मशीनच्या यादीत लिहायचा, त्या माणसाची सही एकदा मान्य करायची, की झालं. तिथून पुढं तो जे पाठवेल ते मशीनमध्ये घरच्यासारखं आत येतं, परत विचारायला थांबत नाही. म्हणून असा पत्ता लिहिताना माणसानं दहादा विचार करावा आणि काम झालं की तो काढून टाकावा. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे घसा कोरडा होईपर्यंत सांगतो.

आता बैलगाड्याकडं येतो. आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हटली की घाट आला आणि घाट म्हटला की बैलगाडा. चढाच्या वाटेवरून चार बैलांचा गाडा सुटतो, पुढं घोडी पळते, आणि दहा-बारा-तेरा सेकंदांत सगळा खेळ संपतो. एका गाड्याच्या एका पळण्याला बारी म्हणतात. पूर्वी हातातल्या घड्याळावर सेकंद धरायचे आणि त्यावरून दरसाल हाणामारी व्हायची. आठ वर्षांपूर्वी माझा शाळेतला मित्र भरत म्हणाला, "पारस, तुझ्या त्या फुकटच्या मशीनला काम दे की काहीतरी." तेव्हापासून ओझरच्या अलीकडच्या त्यांच्या गावच्या यात्रेत घड्याळ माझ्याकडं आलं.

आमच्या आईला, कस्तुरबाईंना, हे कधीच पटलं नाही. आपण जैन, मुक्या जिवाला पळवायच्या खेळात आपलं काय काम, असं तिचं म्हणणं. मी म्हणायचो, "आई, मी बैलाला हात लावत नाही. मी फक्त सेकंद मोजतो." स्वतःच्या उत्तरावर मी खूशही व्हायचो.

सेकंद मोजायचा प्रोग्रॅम एका थंड देशातल्या सायकलवेड्या म्हाताऱ्यानं लिहिलेला होता. सुटायच्या रेषेवर एक किरण, पोचायच्या रेषेवर एक किरण. तो तुटला की वेळेची नोंद होते. त्याच्या गावच्या सायकल शर्यतींसाठी त्यानं ते केलं आणि आपल्या रेपोत सगळ्यांसाठी ठेवलं. अडचण एकच होती. सायकलीच्या पुढं घोडी पळत नाही. आमच्याकडं घोडी आधी रेषा ओलांडायची आणि मशीन तिलाच बैल समजायचं. मी त्या माणसाला पत्र लिहिलं. त्याला आधी खरंच वाटेना, मग फोटो पाठवल्यावर तो हरखला आणि आठवड्याभरात पहिली घोडी सोडून द्यायची सोय त्यानं करून दिली. "ही अजून कच्ची आहे, माझ्या चाचणीच्या रेपोतून घे," असं त्यानं कळवलं. मी तो दुसरा पत्ता यादीत लिहिला. घोडीचा प्रश्न मिटला. पत्ता मात्र मी काढला नाही. वर आळसानं यादीतल्या सगळ्या कोठारांना, नवीन आलं की आपोआप घ्या, अशी मोकळीक देऊन ठेवली. यात्रेआधी दुकानात मी सगळं तपासून घ्यायचो आणि घाटात कधी नेट नसायचंच, त्यामुळं इतकी वर्षं काही बिघडलं नाही.

भरतचे वडील भिमाजीबाबा. त्यांचा पाखऱ्या नावाचा बैल, पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके. बाबांना घड्याळ लागायचं नाही. बारी सुटली की ते तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजायचे आणि सेकंद दाखवणारा माझा बोर्ड पेटायच्या आत सांगून टाकायचे, "साडेअकरा." बोर्डावर अकरा पॉइंट अठ्ठेचाळीस यायचं. पहिल्या वर्षी मला वाटलं, लागला असेल अंदाज. आठ वर्षांत त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. आणि तरीही पुढं जे बोलायचं ते मी बोललो.

पाखऱ्याचं वय झालं होतं. शर्यतीच्या बैलाचा खुराक, निगा, सगळा दिवस त्यातच जातो. भरत कंपनीत कामाला, बाबांचे गुडघे गेलेले. घरात कुरबुर चाललेली. शेवटी बाबांनीच यात्रेच्या आधी चार माणसांत सांगितलं, "ह्या साली बाराच्या आत आला तर पाखऱ्या मरंस्तवर माझ्या दारात ऱ्हाईल. न्हाई आला तर माझ्या हातानं चाकणच्या बाजारात नेऊन इकीन. मंग कुणी काय बोलायचं न्हाई." त्यांना खात्री होती. म्हणून तर ते बोलले.

यात्रेच्या दिवशी आरती नावाची मुलगी शर्यत मोबाईलवर थेट दाखवायला आली होती. चांगली हुशार, दोन कॅमेरे, स्वतःचं नेट. मला म्हणाली, "दादा, तुमचे सेकंद माझ्या व्हिडिओवर दिसले तर किती भारी होईल! फक्त लॅपटॉप माझ्या नेटला जोडा." हजारो लोक आपलं घड्याळ बघणार, या कल्पनेनं मी पाघळलो. जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप जोडला, प्रोग्रॅम बंद केला आणि मासवडी खायला गेलो. परत येऊन प्रोग्रॅम उघडला. सेकंद व्हिडिओवर झळकले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

दुपारी बाऱ्या जरा सावकाश होत होत्या. ऊन होतं, बैल दमले असतील, असं मीच माइकवरून सांगितलं.

तीनच्या सुमारास बाबांचा गाडा जुंपला. पाखऱ्याच्या जोडीला पाहुण्यांकडचे तीन बैल, तिन्ही तरणे. निशाण पडलं, धुरळा उठला, अनाऊन्सरनं "भिर्र्र" केलं आणि गाडा वर गेला. बाबा माझ्या मंडपाजवळ उभे होते. त्यांच्या तोंडून निघालं, "पावणेबारा... न्हाई, जराशी वर." आणि त्यांचा चेहरा फुलला.

बोर्डावर बारा पॉइंट एकतीस आलं.

बाबा काठी टेकत मंडपात आले. "शेठ, ह्यो सेकंद खोटा हाय."

"खोटा कसा असेल बाबा?"

"माझं मोजणं चुकत न्हाई. बाराच्या आत हाय त्यो. परत बघा."

मागं पन्नास गाडे थांबलेले, डोक्यावर ऊन, आणि हजारो लोकांसमोर माझ्या घड्याळाला कुणी खोटं म्हणतंय. मला राग आला. माइक हातातच होता. मी म्हणालो, "भिमाजीबाबा, मशीनला म्हातारपण येत नाही. बैलाला येतं, माणसाला येतं."

सगळा घाट हसला. टाळ्यासुद्धा पडल्या. बाबा माझ्याकडं बघत राहिले, मग वळून गेले. मी पुढचा नंबर पुकारला.

त्यानंतर नऊ दिवसांनी, बुधवारी, मी दुकानात बसून आरतीचा व्हिडिओ बघत होतो. माझ्या सेकंदांची एखादी झलक काढून गिऱ्हाइकांना दाखवावी असा विचार. व्हिडिओत एका सेकंदाचे तीस तुकडे असतात, ते मोजले की वेळ निघते. सहज म्हणून बाबांची बारी मोजली. पुढच्या बैलाचं नाक रेषेवर आलं तेव्हा अकरा पॉइंट सत्त्याऐंशी.

मला वाटलं, व्हिडिओचाच घोळ. सकाळची एक बारी मोजली, बोर्डाशी तंतोतंत जुळली. आणखी एक, तीही जुळली. मग जेवणानंतरच्या मोजायला लागलो. प्रत्येक बारी अर्ध्या सेकंदाला थोडी कमी एवढ्यानं जास्त दाखवलेली. लॅपटॉपची नोंद उघडली. दुपारी एक वाजून सव्वीस मिनिटांनी, मी मासवडी खात असताना, चाचणीच्या रेपोतून प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती. सोबत त्या भल्या माणसाची टीप होती: या आवृत्तीत पोचायच्या रेषेवरची वेळ किरण तुटल्यावर नाही, तर पुन्हा जुळल्यावर धरली आहे, करून बघा आणि कळवा. सायकलीला त्यानं फारसं बिघडत नाही, ती माणसाएवढीच लांब. आमचा गाडा बैलाच्या नाकापासून मागच्या चाकापर्यंत तीन माणसांच्या लांबीचा. तो सगळा रेषेवरून जाईपर्यंत मशीन थांबून राहिलं होतं. ती टीप वाचायला मला चार सेकंदसुद्धा लागले नाहीत.

त्या माणसाला मी दोष कसा देऊ? त्यानं चाचणीची म्हणूनच ठेवली होती आणि तसं लिहिलंही होतं. यादीत तिचा पत्ता ठेवणारा मी, दार उघडं ठेवणारा मी, नेट जोडणारा मी.

यात्रा कमिटीच्या अध्यक्षांकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पारसभाऊ, निकाल लागला, ढाली वाटून झाल्या. आता सकाळचे आन् दुपारचे असं केलं तर डोकी फुटतील. तुमी गप ऱ्हावा." मी भांडलो, ते हलले नाहीत.

भरतला फोन केला. सगळं सांगितलं.

"पाखऱ्या कुठं आहे?" मी विचारलं.

"शनिवारी गेला चाकणला. बाबाच घेऊन गेलं, म्या नगं म्हणत व्हतो तरी. बोललोय म्हणालं." मग म्हणाला, "पारस, बाबांना सांगू नको. बैल थकला व्हता, गेला, एवढं तरी त्यांच्या मनाला पटलंय. मोजत बी न्हाईत आता. परवा शेजारच्यानं गाडा पळवायला काढला, बाबा घरात जाऊन बसलं. मला म्हणालं, माझं मोजणं गेलं."

भरतचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. सांगून बैल परत येणार नव्हता. गप्प बसलो तर एका म्हाताऱ्याला वाटत राहणार की आपण म्हातारे झालो, आणि ते तर खरंच होतं. पण त्यांचं मोजणं गेलेलं नव्हतं. ते मी खोटं पाडलं होतं, माइकवरून. दोन दिवस मी दुकान उघडून नुसता बसून होतो. आईनं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बैलाला हात लावत नाही म्हणायचास ना रे."

शुक्रवारी गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सरळ सांगून टाकलं, यादीपासून टिपेपर्यंत. रेपो म्हणजे काय ते त्यांना किती कळलं, माहीत नाही. मध्येच म्हणाले, "म्हंजी परक्या माणसाला किल्ली देऊन ठिवली व्हती." मी हो म्हणालो.

"किती?"

"अकरा पॉइंट सत्त्याऐंशी."

ते मला बोलतील, काठी उचलतील, असं वाटत होतं. मला ते हवंही होतं. ते उठले, पायात वहाणा घातल्या आणि भरतला हाक मारली. "गाडी काढ. पाखऱ्या कुठं हाय त्ये बघायचं."

चाकणच्या व्यापाऱ्याला फोन लावला. बैल तळेघरच्या गेणभाऊ नावाच्या माणसाला दिल्याचं त्यानं सांगितलं. आम्ही तिघं पिकअपमधून निघालो. घोडेगाव गेलं, डिंभ्याचं धरण गेलं, वळणं चढत वर आलो. वाटेत बाबा एकदाच बोलले, "वर भात असतंय. चिखलात पाय जातील त्याचं." तळेघरपासून पुढं वाडीपर्यंत पायवाट. भरतनं त्यांचा हात धरला होता, त्यांनी तो सोडवून घेतला.

गेणभाऊ साधा माणूस निघाला. पावणं आले म्हणून त्यानं आधी पाणी दिलं, मग चहाला सांगितलं. पाखऱ्या गोठ्यात एका काळ्या बैलाशेजारी बांधलेला होता. अंगावरचं तेज उतरलं होतं, पण धडधाकट होता. मला हायसं वाटलं. भरत तर जवळजवळ हसलाच. म्हणाला, "भाऊ, चूक झाली आमची. आमी बैल माघारी न्यायला आलोय."

गेणभाऊनं कपाळाला आठ्या घातल्या नाहीत की घासाघीस केली नाही. "न्या की पावणं, तुमचाच हाय. पर आता त्यो पळायच्या कामाचा नाय. परवाच डॉक्टर बोलवून खच्ची करून घेतला. लई उसळायचा, जोडीला चालंना. आता बघा, कसा गरीब झालाय."

भरतनं तोंड फिरवलं. मी बाबांकडं बघायचं टाळलं.

बाबा आत गेले. पाखऱ्यानं मान वर केली, त्यांचा हात हुंगला आणि पुन्हा गव्हाणीत घातली. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, वशिंडापासून शेपटीपर्यंत, दोन वेळा.

"नेऊ या का बाबा?" भरतनं विचारलं.

"नगं. हितं त्याला कामाचा बैल म्हणत्यात. तिकडं नेला तर येणारा-जाणारा म्हणंल, ह्योच त्यो हरलेला." मग ते माझ्याकडं वळले. "शेठ, हिकडं या."

मी गेलो.

"त्या दिशी घाटातनं उतरताना म्या ह्याला लई बोललो. नाक कापलंस म्हणलो. घरी जाईस्तवर बोलत व्हतो. खाली मान घालून चालत व्हता. आता तुमी सांगा त्याला."

"काय सांगू बाबा?"

"सेकंद सांगा."

मला कळेना हे खरंच म्हणताहेत की काय. भरत दारात उभा होता, गेणभाऊ चहाचे कप घेऊन त्याच्या मागं. बाबा वाट बघत होते. मी पाखऱ्याच्या तोंडाशी वाकलो आणि पुटपुटलो, "अकरा पॉइंट सत्त्याऐंशी."

"त्या दिशी किती मोठ्यानं बोलला व्हता."

मी मोठ्यानं बोललो. माइकवर बोललो होतो तेवढ्या मोठ्यानं. "पाखऱ्या, अकरा पॉइंट सत्त्याऐंशी. बाराच्या आत." काळा बैल दचकला. पाखऱ्यानं एक कान हलवला, माशी उडवायला, आणि खात राहिला.

बाबांनी त्याच्या मानेला मिठी घातली. ते माझ्याशी बोलत नव्हते, भरतशीही नाही.

"मोजलं व्हतं रं म्या बराबर," ते त्याला म्हणाले. "तुझा सेकंद मला ठावं व्हता. तरी इस्वास ह्याच्या मशीनवर ठिवला."

गेणभाऊच्या हातातला चहा निवत चालला होता. आम्ही कुणी तो घेतला नाही.